ज्या, पण कशाची?

पाचवी-सहावीतल्या कुठल्याही मुलाला वर्तुळ काढायला सांगा. कंपास हातात घेऊन तो पहिला प्रश्न करील, "गुरुजी, त्रिज्या किती घ्यायची?" हा शब्द आपल्या तोंडात इतका रुळला आहे की त्यात ‘त्रि’ कुठून आला, हे विचारायचे कुणाला सुचत नाही. वर्तुळाच्या मध्यबिंदूपासून परिघापर्यंत गेलेली ती एक साधी रेघ. तिच्यात तीन काय आहेत?

तीन आहेत त्या राशी. आकाशातले राशिचक्र बारा राशींचे, प्रत्येक रास तीस अंशांची, म्हणजे तीन राशींचे नव्वद अंश झाले. नव्वद अंशांची जी ज्या तिला जुने गणिती त्रिराशिज्या, त्रिभज्या असे म्हणत आणि थोडक्यात म्हणायचे तर त्रिज्या. ती ज्या मोजली की बरोबर व्यासाच्या निम्मी भरते. म्हणून पुढे व्यासाच्या निम्म्यालाच त्रिज्या हे नाव चिकटले, आणि राशी विसरल्या गेल्या.

श्रोतेहो, आज मला बोलायचे आहे ते या शब्दात लपलेल्या एका लहानशा गोष्टीबद्दल. ‘ज्या’ म्हटले की लगेच विचारावे लागते, कशाची? तीस अंशांची? तीन राशींची? त्या ‘कशाची’ला उत्तर मिळाल्याशिवाय ‘ज्या’ या शब्दाला संख्या चिकटत नाही. इंग्रजीत या ‘कशाची’ला आर्ग्युमेंट म्हणतात आणि आजचे गणित ते कंसात लिहिते. एवढासा कंस, पण आठवी-नववीपासून पदवीपर्यंत आमच्या मुलांची जितकी फजिती या कंसाने केली आहे, तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या चिन्हाने केली असेल.

आधी ज्या म्हणजे काय ते सांगतो. (‘ज्या मुलाने’ मधली ज्या नव्हे, हे वर्गात पहिल्यांदाच सांगून टाकलेले बरे.) धनुष्य डोळ्यांपुढे आणा. वाकलेली काठी म्हणजे चाप आणि तिची दोन टोके जोडणारी दोरी म्हणजे ज्या. वर्तुळाचा तुकडा आणि त्याची दोन टोके जोडणारी रेघ यांना आपल्या गणित्यांनी हीच नावे दिली. पुढे त्यांच्या ध्यानात आले की अख्खी दोरी घेण्यापेक्षा निम्मी दोरी घेतली तर हिशेब सोपा पडतो. ती अर्धज्या. बोलताना ‘अर्ध’ गळले आणि ज्या राहिली. तिचेच दुसरे नाव जीवा. हा शब्द अरबांकडे गेला, तिथे त्याचा उच्चार आणि मग अर्थही बदलला, आणि लॅटिनमध्ये भाषांतर होताना त्याचा ‘सायनस’ झाला. आज आपली मुले जो ‘साइन’ पाठ करतात तो हाच. म्हणजे दहावीच्या वर्गात साइन शिकवणारे गुरुजी आपलीच घरची वस्तू परगावाहून परत आलेली मुलांच्या हातात देत असतात.

पण परत येताना एक गोष्ट वाटेत पडली. ती कोणती, ते पाहू.

आपल्या ग्रंथांतले शब्द बघा. गावाच्या अक्षांशाची ज्या ती अक्षज्या. सूर्य विषुववृत्ताच्या उत्तरेला वा दक्षिणेला जितका सरकतो ती क्रांती, आणि क्रांतीची ज्या ती क्रांतिज्या. नव्वदातून कोन वजा केला की उरतो त्याला कोटी म्हणायचे आणि कोटीची ज्या ती कोटिज्या. आजचा ‘कोसाइन’ तो हाच. प्रत्येक शब्दात ‘कशाची’चे उत्तर आधी येते आणि ‘ज्या’ मागाहून येते. संस्कृतात हा षष्ठी तत्पुरुष समास. मराठीत सोडवला की स्वच्छ ‘ची’ ऐकू येते. अक्षाची ज्या, क्रांतीची ज्या, कोटीची ज्या. कशाची हे न सांगता ज्या सांगणे हे ‘चा मुलगा आला’ म्हणण्यासारखे आहे. कुणाचा मुलगा?

साइन परत आला तो ही ‘ची’ गमावून. इंग्रजी मुलाला निदान ‘साइन ऑफ थीटा’ ऐकू येते. आमचा मुलगा कागदावर नुसते ‘साइन थीटा’ पाहतो. दोन अक्षरे शेजारी आली की त्यांचा गुणाकार, हे बीजगणिताने त्याला सातवीतच शिकवलेले असते. मग तो साइनला थीटाने गुणू लागतो. वर ‘साइन क्ष’ आणि खाली ‘साइन य’ असा अपूर्णांक दिसला की वरची साइन आणि खालची साइन तो बिनदिक्कत खोडून टाकतो, आणि हातात क्ष भागिले य घेऊन उभा राहतो. आपण त्याला ‘मठ्ठ’ म्हणून मोकळे होतो. मला विचाराल तर तो मठ्ठ नाही. त्याने शिकवलेला नियम इमानाने पाळला. साइन ही संख्या नसून ‘ज्या काढणे’ ही कृती आहे, आणि तिच्यात नि थीटात एक अदृश्य ‘ची’ आहे, हे त्याला कुणी सांगितलेच नाही.

दुसरी चूक याहून वाईट. तीस आणि साठ यांच्या बेरजेची साइन काढायची तर मुले तीसची साइन आणि साठची साइन यांची बेरीज करतात. कंस दिसला की आतल्या प्रत्येकाला बाहेरच्याने गुणायचे, हीही बीजगणिताचीच शिकवण. ही चूक कशी पकडावी, ते भास्कराचार्यांच्या एका लहान कोष्टकावरून फार सुरेख दाखवता येते.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४. छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, त्यांनी सिद्धान्तशिरोमणि लिहिला. सूक्ष्म कामासाठी मोठे ज्याकोष्टक आहेच, पण रोजच्या हिशेबासाठी त्यांनी एक आटोपशीर कोष्टकही दिले आहे. त्रिज्या १२० धरायची आणि दर दहा अंशांना ज्या किती वाढते तेवढेच आकडे पाठ करायचे. ते आकडे असे: २१, २०, १९, १७, १५, १२, ९, ५, २. झाले कोष्टक! फक्त नऊ आकडे. बेरीज करत गेले की दहा अंशांची ज्या २१, वीसची ४१, तीसची ६०, चाळीसची ७७, पन्नासची ९२, साठची १०४, सत्तरची ११३, ऐंशीची ११८ आणि नव्वदची १२०, म्हणजे त्रिज्याच.

आता चोवीस अंशांची ज्या हवी असेल तर? (चोवीस हा आकडा मी उगाच घेतला नाही; सूर्याची जास्तीत जास्त क्रांती आपले जुने गणिती तेवढी धरत.) वीसची ४१ घेतली. पुढचा टप्पा १९ चा, दहा अंशांचा. आपल्याला त्यातले चार अंश हवेत, म्हणून १९ चे चार दशांश, ७·६. एकूण ४८·६. आजच्या पद्धतीने तेच उत्तर ४८·८ येते. पाठ केलेल्या नऊ आकड्यांवर एवढा नेमकेपणा मिळत असेल तर तक्रारीला जागा नाही.

आता त्या मुलाला बोलवा. तीसची ज्या ६०, साठची १०४. त्याच्या रीतीने दोन्हींची बेरीज १६४. पण वर्तुळाची त्रिज्याच १२०! निम्मी दोरी त्रिज्येपेक्षा मोठी कशी होईल? धनुष्याबाहेर लोंबणारी दोरी पाहून मूल हसते, आणि ती चूक पुन्हा सहसा करीत नाही. मग खरी रीत सांगावी. ती भास्कराचार्यांनी ज्योत्पत्ति या प्रकरणात दिलीच आहे: पहिल्याची ज्या दुसऱ्याच्या कोटिज्येने गुणा, पहिल्याची कोटिज्या दुसऱ्याच्या ज्येने गुणा, दोन्ही मिळवा आणि त्रिज्येने भागा. साठ गुणिले साठ ३६००, एकशेचार गुणिले एकशेचार १०८१६, मिळून १४४१६, एकशेवीसने भागले की १२० आणि वर थोडेसे. ते थोडेसे आले कारण १०४ हा आकडा पूर्णांकात बसवलेला आहे.

आणि मराठीत हा फरक नुसता कानाने कळतो. ‘बेरजेची ज्या’ वेगळी आणि ‘ज्यांची बेरीज’ वेगळी. ‘शेतकऱ्याच्या मुलाची बहीण’ आणि ‘शेतकऱ्याच्या बहिणीचा मुलगा’ यांत घोटाळा करणारे मूल माळशिरस तालुक्यात तरी मला भेटलेले नाही.

याच भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने चाळीसगावाजवळ पाटण येथे मठ स्थापन केला. तेराव्या शतकाच्या आरंभीचा हा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी यांनी उजेडात आणला. लेख संस्कृतात आहे, पण मठाला दिलेल्या उत्पन्नांचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. देणग्यांचा व्यवहार लोकांना समजला पाहिजे ना! गणिताच्या शाळेसाठी कोरलेली मराठी म्हणून मला त्या ओळींचे फार अप्रूप वाटते.

आता ज्येवरून थोडे पंचांगाकडे वळू, कारण आर्ग्युमेंट ही कल्पना मुळात वाढली ती पंचांगाच्याच अंगणात. आमच्याकडे आणि युरोपातही.

दरवर्षी तुकोबांची पालखी सराटीहून नीरा ओलांडून अकलूजला येते. रिंगण होते, मुक्काम पडतो, आणि पुढे ती बोरगावच्या वाटेला लागते. पण ती येते कधी? २०२३ साली आषाढी एकादशी २९ जूनला होती, २०२४ साली १७ जुलैला, २०२५ साली ६ जुलैला. इंग्रजी तारीख विचाराल तर ती नाचते. कारण एकादशी तारखेवर अवलंबून नाही. तिथी ठरते ती एकाच गोष्टीवरून: चंद्र सूर्याच्या पुढे किती अंश गेला. दर बारा अंशांना एक तिथी. अंतर १२० अंश झाले की शुद्ध एकादशी लागली, १३२ झाले की संपली. तिथी कशाची? चंद्र-सूर्यांतराची. पुन्हा तीच ‘ची’.

चंद्र दिवसाला सरासरी १३ अंश १० कला चालतो, सूर्य ५९ कला. दोघेही सरासरीने चालले असते तर प्रत्येक तिथी चोवीस तासांना थोडी कमी, अशी एकसारखी पडली असती. पण चंद्र कधी धावतो, कधी रेंगाळतो, सूर्यही थोडा. त्यामुळे तिथी कधी वीस तासांत आटोपते, तर कधी सत्तावीस तासांच्या जवळ जाते. म्हणून सरासरी स्थानाला दुरुस्ती करावी लागते. ती दुरुस्ती म्हणजे मंदफल. आणि मंदफल कशावरून काढायचे? ग्रह आपल्या कक्षेतल्या ‘उच्च’ नावाच्या बिंदूपासून किती दूर आहे त्यावरून. या अंतराला म्हणतात केंद्र. वर्तुळाच्या मध्यबिंदूला आपण केंद्र म्हणतो ते निराळे. पंचांगातले केंद्र म्हणजे एक कोन. केंद्र घेऊन कोष्टकात शिरायचे आणि फल घेऊन बाहेर यायचे.

इथे गंमत पाहा. आजच्या मराठी पुस्तकांत ‘फंक्शन’ला फल किंवा फलन म्हणतात. हा शब्द नवा घडवलेला वाटतो, पण पंचांगवाल्यांचे मंदफल आणि शीघ्रफल शेकडो वर्षांचे आहेत. आणि फल म्हटले की केंद्र आलेच. सूर्याचे मंदफल काढायचे तर सूर्याचे केंद्र, चंद्राचे काढायचे तर चंद्राचे. सूर्याचे फल जास्तीत जास्त दोन अंशांच्या आसपास, चंद्राचे पाच अंशांच्या. समजा एखाद्या जोश्याने घाईत चंद्राच्या कोष्टकात सूर्याचे केंद्र घातले. कोष्टक काही ओरडणार नाही. ते बापडे मुकाट्याने फल देईल. पण पाच अंशांची चूक म्हणजे एकादशी सुमारे दहा तास अलीकडे किंवा पलीकडे! उपास दशमीला घडेल नाहीतर द्वादशीला. कोष्टक बरोबर, गुणाकार-भागाकार बरोबर, चुकले ते फक्त कंसातले.

हे काम गावोगावच्या जोश्यांना झेपावे म्हणून कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, ग्रहलाघव हा ग्रंथ रचला. त्यांनी एक धाडस केले. साऱ्या ग्रंथातून ज्या आणि चाप यांना रजाच दिली! ज्येच्या जागी त्यांनी थेट अंशांवर चालणारे गुणाकार-भागाकार बसवले, आणि मोठ्या दुरुस्त्यांसाठी केंद्राच्या दर पंधरा अंशांना एक अशी आकड्यांची लहान माळ दिली. उत्तर किंचित स्थूल येते, पण मेहनत फार वाचते. ग्रहलाघव महाराष्ट्रात आणि बाहेरही शेकडो वर्षे चालला तो यामुळे. माझ्या विषयाच्या दृष्टीने त्यातली ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की ज्या गेली तरी केंद्र गेले नाही. आतली यंत्रणा बदलली; तिच्या तोंडात घालायचे ते तेच राहिले. फल काढण्याची रीत आणि ते कशाचे काढायचे, या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, हे इतके स्वच्छ दाखवणारे दुसरे उदाहरण माझ्या तरी डोळ्यांपुढे नाही.

केंद्र हा शब्द मात्र आपला नव्हे. तो ग्रीक ‘केन्ट्रॉन’वरून इकडे आला. तोच शब्द लॅटिनमध्ये ‘सेन्ट्रम’ झाला, आणि युरोपातल्या मध्ययुगीन ग्रहकोष्टकांतही उच्चापासूनच्या अंतराला सेन्ट्रमच म्हणत. त्याच कोष्टकांत दुसऱ्या एका कोनाला ‘आर्गुमेन्टम’ म्हणत. दोन्ही घेऊन कोष्टकात शिरायचे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडचा कवी चॉसर आपल्या एका कथेत एका ज्योतिष्याच्या सामानाची यादी देतो, तिच्यात हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आले आहेत.

आर्गुमेन्टम म्हणजे भांडण नव्हे. कोर्टात वकील आर्ग्युमेंट करतात तेव्हा, निदान कागदोपत्री तरी, ते भांडत नसतात. पुराव्यावरून निष्कर्ष काढून दाखवत असतात. लॅटिन शब्दाचा अर्थच ‘ज्याच्या आधारे गोष्ट उघड होते तो आधार’ असा. कोष्टकात शिरताना हातात असलेला कोन हा असाच आधार असतो. त्याच्यावरून फल उघड होते. हळूहळू कोन असो वा नसो, ज्या राशीवरून दुसरी राशी ठरते तिला आर्ग्युमेंट म्हणू लागले. पुढे कॉलेजात सदसत् संख्या शिकताना पुन्हा ‘आर्ग्युमेंट’ भेटते. तिथे मात्र तो शब्द अजून कोनाचाच आहे, आणि मराठीत त्याला कोनांक म्हणतात. आरगांड नावाच्या गणितज्ञाची आकृती त्याच धड्यात येते म्हणून तो शब्द त्याच्या नावावरून आला, असे मुले समजतात. तसे नाही. तो निव्वळ योगायोग.

आता कंस कुठून आला ते थोडक्यात सांगतो. फंक्शन हा शब्द सतराव्या शतकाच्या अखेरीस लायब्निझने वापरात आणला. १७१८ साली योहान बर्नूलीने फंक्शनसाठी एक ग्रीक अक्षर घेतले आणि त्याच्या शेजारी नुसता ‘क्ष’ लिहिला, कंसाशिवाय. मग १७३४ साली ऑयलरने सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे ठेवलेल्या निबंधात एफ हे अक्षर लिहून आर्ग्युमेंट कंसात घातले. आपण त्याला ‘फ (क्ष)’ म्हणू. हाच तो कंस.

इथे एक स्पष्ट बोलतो. ‘हे सारे आमच्याकडे आधीच होते’ असे म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मी बसणार नाही. ज्या होती, कोटिज्या होती, मंदफल, शीघ्रफल होते, आणि प्रत्येकाचे आर्ग्युमेंट अचूक सांगण्याची भाषा होती. बीजगणितात अव्यक्त संख्यांना यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावे देण्याची रीतही होती. पण ‘कोणतेही एक फल घ्या, मग ते काहीही असो’ असे म्हणता येईल असे एकही अक्षर नव्हते. ऑयलरच्या ‘फ’ने ते दिले. ‘फ’ म्हणजे ज्या असू शकते, मंदफल असू शकते, उसाच्या टनांवरून काढलेली बिलाची रक्कमही असू शकते. त्या एका अक्षराने सगळ्या कोष्टकांबद्दल एकदम बोलण्याची सोय झाली, आणि पुढचे गणित त्या सोयीवर उभे राहिले. आपल्या समासाला हे साधले नव्हते.

पण युरोपीयांच्या लिहिण्यातही विसंगती राहिल्याच. साइनच्या डोक्यावर दोनचा आकडा लिहून साइनचा वर्ग दाखवण्याची रीत गाऊसला मुळीच पसंत नव्हती. लाप्लास तसे लिहितो हे त्याला ठाऊक होते, तरी त्याचे म्हणणे असे, की या खुणेचा सरळ अर्थ ‘साइनची साइन’ असा व्हायला हवा. वर्ग दाखवायचा तर सबंध साइन कंसात घालून बाहेर दोन लिहा. गाऊसचे कुणी ऐकले नाही. तिकडे १८१३ साली जॉन हर्शेलने साइनच्या डोक्यावर उणे एक लिहून उलटी कृती दाखवली, म्हणजे ज्येवरून कोन काढणे. तेही रूढ झाले. परिणाम असा, की आज एकाच पानावर साइनच्या डोक्यावरचा दोन म्हणजे गुणाकार आणि उणे एक म्हणजे उलटी कृती! मुलाने उणे एक पाहून ‘एक भागिले साइन’ लिहिले तर दोष कुणाचा? आपल्याकडे या उलट्या कृतीला स्वतंत्र नाव होते, चाप. ज्येचे चाप करा म्हटले की संपले.

आर्ग्युमेंटबरोबर त्याचे मापही सांगावे लागते, हे हल्ली मोबाइलमुळे रोज प्रत्ययाला येते. मोबाइलच्या गणकयंत्रात तीसची साइन काढावी आणि निम्म्याऐवजी उणे ०·९८८ असे भलतेच उत्तर यावे. यंत्र बिघडलेले नसते. त्याने तीस अंश न समजता तीस रेडियन समजलेले असतात. तीस खरे, पण तीस काय? आर्यभटांनी हा घोटाळा मुळातच टाळला होता. त्यांनी चापही कलांत मोजले आणि ज्याही कलांत. म्हणून त्यांच्या कोष्टकातला पहिला आकडा मोठा बोलका आहे: २२५ कलांच्या चापाची ज्या २२५. चाप लहान असले की काठी आणि दोरी जवळजवळ एकच.

नवे गणित मराठीत आणण्याचे काम एकोणिसाव्या शतकात सुरू झाले. बाळशास्त्री जांभेकर १८४६ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षाच्या आसपास वारले, पण त्याआधी त्यांनी शून्यलब्धिगणित लिहून कलनशास्त्र मराठीत आणले होते. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ग्रहसाधनाची कोष्टके मराठीत छापली. युरोपातल्या नव्या, सूक्ष्म कोष्टकांवर आधारलेला हा ग्रंथ, म्हणजे केंद्र आणि आर्गुमेन्टम यांची भेटच. आणि शाळामास्तर म्हणून आयुष्य काढलेल्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास सांगणारा मोठा ग्रंथ मराठीत लिहून ठेवला. गणेश दैवज्ञांची थोरवी आज आपण नेमकेपणाने सांगू शकतो ती बरीचशी दीक्षितांच्या कष्टांवर.

पुढे खुणा रोमन राहिल्या. आज मराठी माध्यमाच्या पुस्तकातही साइन, कॉस रोमन लिपीतच छापलेले असतात, आणि माझा त्याला विरोध नाही. लिहिण्याची खूण जगभर एक असावी. पण वाचायची कशी, हे ठरवायला आपण मोकळे आहोत. फळ्यावर काहीही असो, शिक्षकाने तोंडाने ‘थीटाची साइन’ म्हणावे. ‘क्षचे फ’ म्हणावे. ‘थीटाच्या साइनचा वर्ग’ निराळा आणि ‘थीटाच्या वर्गाची साइन’ निराळी, हे मुलांकडून मोठ्याने म्हणवून घ्यावे. कागदावर दोन्हींत जेमतेम एका आकड्याची जागा बदलते. बोलण्यात सगळे वाक्य बदलते. ‘फची फ’ असे दोनदा आले तर आतले आधी सोडवायचे, हेही वेगळे शिकवावे लागत नाही. ‘पाटलांच्या जावयाच्या भावाचे शेत’ म्हटल्यावर कुणी भावापासून सुरुवात करीत नाही. आधी पाटील, मग जावई, मग भाऊ. मराठीचा क्रम आतून बाहेर जातो. कंस सोडवण्याचा क्रमही तोच आहे, आणि ‘एफ ऑफ जी ऑफ एक्स’ असे बाहेरून आत वाचणाऱ्या इंग्रजी मुलाला तो उलटा शिकावा लागतो.